कॅशने डिस्क भरली, काय करू?

प्रश्न: दादा, घणसोलीत आमच्या छोट्या ऑफिसचा अपाची सर्व्हर (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, डिस्क कॅश (पानांच्या तयार प्रती डिस्कवर साठवणं) चालू केली आणि महिन्याभरात डिस्क फुल्ल, लिमिट कुठे टाकायची तेच सापडत नाहीये.

उत्तर: अरे सापडणार नाहीच, कारण अपाचीचं डिस्क कॅश मॉड्यूल स्वतः साइज सांभाळतच नाही, ते काम एचटीकॅशक्लीन (htcacheclean) नावाच्या वेगळ्या टूलचं, ते दर ३० मिनिटांनी बॅकग्राउंडला चालव, लिमिट ५१२ एमबी दे, रिकामी फोल्डरं काढायचा ऑप्शनही लाव. पण लिमिट डिस्कच्या काठोकाठ ठेवू नकोस हं, दोन सफायांच्या मधे कॅश वर जाऊ शकते. आणि आयनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद, यांची संख्या बहुतेकदा ठरलेली असते) बघच, बारीक फाइल्स लाखांनी साचल्या की जागा शिल्लक दिसत असूनही डिस्क भरल्याचा एरर येतो, इथे भलेभले फसतात.