व्हिएतनाममध्ये 7 दिवसांत शहर आणि खेडं दोन्ही नीट बघता येतं का? दिवाळीच्या सुट्टीत जायचं आहे.

येतं, पण उत्तरेतल्या हनोईपासून दक्षिणेतल्या सैगॉनपर्यंत (हो ची मिन्ह सिटी) असा अख्खा देश पालथा घालू नका. रेल्वेने ते अंतर 1,726 किमी आहे.

हनोईत 2 दिवस ठेवा, जुन्या पेठांतून पायी हिंडायला. मग रेल्वेने निन्ह बिन्ह, साधारण अडीच तास. इथे मात्र 2 रात्री राहाच. बरेच जण हनोईहून सकाळी येऊन संध्याकाळी परततात आणि ऐन दुपारच्या गर्दीत सापडतात. निन्ह बिन्हजवळच्या ताम कोकला मुक्काम असला की पहाटेच सायकल काढून चुनखडीच्या डोंगरांमधल्या भातखाचरांच्या कडेने फिरता येतं. तिथले नावाडी पायांनी वल्ही मारतात! (पिवळंधमक भात बघायचं तर मेअखेर गाठावी लागते.)

सगळे होई आन सुचवतील. गाव फार देखणं आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे धो धो पाऊस असतो, गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. दिवाळीत तरी नको. त्याऐवजी 'हा लाँग' नावाच्या उपसागरात बोटीवर एक रात्र काढा.

शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा, तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. नुसतं 'मांस नको' म्हटलं तरी माशाचा सॉस पडतोच. प्रवासाला निघण्याआधी ई-व्हिसा काढा.