आईंच्या गुडघ्याआड लपू नका

प्रिय ताई,

मी कर्वेनगरला राहते, एका बँकेत आहे. नवरा हिंजवडीत आयटीत. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, सासूबाई सत्तरीच्या. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीला इमॅजिकाला जायचं ठरलंय. पार्कला लागूनच असलेल्या हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग झालंय, पार्कची तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत. नवऱ्याचा बेत असा: शुक्रवारी थीम पार्क, शनिवारी पुन्हा थीम पार्क, रविवारी वॉटर पार्क आणि रात्री पुण्यात. रोज गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत, आणि पाचही जणांनी. "एवढे पैसे भरायचे आणि खोलीत लोळायचं? लोळायला घर आहे की," असं त्याचं म्हणणं. मला मात्र त्या हॉटेलात एक अख्खी सकाळ नुसतं पडून राहायचंय. आयता चहा प्यायचाय. पण असं बोलले तर मुलांच्या आनंदात खोडा घालणारी आई ठरेन. आईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासोबत मी थांबते, असं सांगून टाकू का? की मी स्वार्थी झालेय? गेल्या सुट्टीत शेवटच्या दिवशी मी सगळ्यांवर ओरडले होते. ते अजून मनातून जात नाही.

– कर्वेनगरची एक आई

प्रिय मैत्रिणी,

पत्रातली गुडघ्याची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बाकी सगळं पत्र तुमचं आहे, ती एक ओळ तेवढी आईंच्या नावावर टाकलीत. तिथूनच सुरुवात करते.

हे कारण सांगू नका. खोटं बोलणं वाईट म्हणून सांगत नाही, आईंचे गुडघे खरोखरच दुखत असतील. पण गुडघ्यावर उपाय निघतो. तुमचे यजमान इंजिनिअर माणूस, त्यांच्यापुढे अडचण ठेवलीत की ते ती सोडवणार. "आईसाठी व्हीलचेअर घेऊ," म्हणतील. "तिला सावलीत बसवू, तू चल." किंवा आईच म्हणतील, "मी बसते खोलीत टीव्ही बघत, तू जा गं मुलांबरोबर." आणि तुम्ही टोपी घालून रांगेत उभ्या! गुडघ्याचा प्रश्न सुटला आणि तुमचा राहिला तिथेच, कारण तो तुम्ही मांडलाच नव्हता.

दुसरं म्हणजे, आईंना कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात त्या फक्त गुडघ्यांपुरत्या येतात. यजमानांनी त्यांचं तिकीट गृहीत धरलंय, तुम्ही त्यांचं खोलीत थांबणं. कदाचित त्यांना एक दिवस तो सगळा थाट बघायची हौस असेल. तिथे सगळंच काही पोटात गोळा आणणारं नाही. 'आय फॉर इंडिया'त बसल्या जागी मोठ्या पडद्यावर देशाचं हवाई दर्शन होतं. मुख्य रस्त्यावर नुसतं बसून माणसं बघण्यातही सत्तरीच्या बाईचा वेळ छान जाऊ शकतो. नाहीतर त्या म्हणतील, मला एकटीला शांत पडू द्या, तूही नको. तोही त्यांचा हक्कच. तिकिटं काढायच्या आधी त्यांना सरळ विचारा, आणि मुलगा आसपास नसताना विचारा, म्हणजे त्याला बरं वाटेल असं उत्तर त्या देणार नाहीत.

आता स्वार्थाचं. बँकेत दिवसभर उभ्या माणसांची कामं करायची, घरी आल्यावर सहा वर्षांच्या मुलाचा अभ्यास, बारा वर्षांच्या मुलीचे रुसवे, सासूबाईंची औषधं, आणि दिवाळीच्या आधी दोन आठवडे फराळ आणि साफसफाई. त्यानंतर एक सकाळ अंग टाकावंसं वाटलं तर तो स्वार्थ कसा? पार्कात तुमचं काम थांबत नाही, हे यजमानांना कदाचित दिसलेलंच नाही. तिथे ते वाढतं. बाटली कुणाकडे आहे, धाकट्याला शू कधी लागेल, लॉकरची किल्ली, ओले कपडे, बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत म्हणून जेवणाच्या वेळा सांभाळणं, मुलीचा चेहरा उतरला तो भुकेने की भांडणाने हे ओळखणं. यजमान राईडवर बसतात, तुम्ही सामान धरून खाली उभ्या राहता. तीन दिवस हेच केल्यावर शेवटच्या दिवशी ओरडा फुटला, त्यात नवल काय? तो तुमच्या स्वभावाचा दोष मानू नका. आधी दोन दिवस जे बोलायचं राहिलं होतं, ते तिसऱ्या दिवशी तसं बाहेर पडलं.

यजमानांचीही बाजू बघू या, कारण मला ते पैशाला चिकटलेले वाटत नाहीत. हिंजवडीची नोकरी म्हणजे सकाळी वाहतुकीत, संध्याकाळी वाहतुकीत. घरी पोचेपर्यंत धाकटा झोपलेला. वर्षभरात मुलांसाठी दिलेला वेळ कमी पडतोय हे त्यांना कळत असणार, आणि ती भरपाई त्यांना या तीन दिवसांत करायची आहे. 'पाचही जणांनी' हा हट्ट बहुधा तिथून येतो. तेव्हा "तुला फक्त वसुलीचं पडलंय" असं काही बोलू नका. ते त्यांना लागेल, आणि ते खरंही नाही.

तरीही पैशाचा हिशेब सोडवायला हवा, कारण वाद त्याच भाषेत चाललाय. १९८५ साली हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या अमेरिकी संशोधकांनी लोकांपुढे एक काल्पनिक पेच ठेवला होता. समजा, तुम्ही बर्फावर स्कीइंग करायच्या दोन सहलींची तिकिटं काढलीत, एक १०० डॉलरची, एक ५० ची. ५० च्या सहलीत तुम्हाला जास्त मजा येणार आहे. मग कळलं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे कुठलेच परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी १०० डॉलरची सहल निवडली, कमी मजेची! पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते, तरी महागाचं तिकीट त्यांना ओढत होतं. तुमच्या घरात अजून तिकिटं निघालेली नाहीत, हे तुमचं नशीब. ही ओढ सुरू व्हायच्या आधी बोलायला जागा आहे. आणि वसूलच करायचं तर हॉटेलच्या खोलीचं भाडंही तुम्हीच भरणार आहात. पोहण्याचा तलाव, सकाळचा भरपेट नाश्ता, स्वच्छ चादरी, या सगळ्याचे पैसे देऊन तिथे फक्त रात्री अकराला येऊन कोसळायचं, हा कुठला हिशेब?

माझा बेत सांगते. पटेल तेवढा घ्या.

शुक्रवार पुरा पार्कला द्या, आणि तुम्हीही मनापासून जा. तीन दिवसांत गर्दी त्यातल्या त्यात शुक्रवारीच कमी असेल. हॉटेलची खोली दुपारशिवाय हातात येत नाही, म्हणून सामान तिथल्या काउंटरवर ठेवून थेट गेटवर या. पुण्याहून सकाळी लवकर निघा, कारण सुट्टीच्या दिवसांत बोरघाटात गाड्या तुंबल्या की सगळं वेळापत्रक कोसळतं. गेट उघडल्यावर पहिला तास-दीड तास मोठ्या, उघड्यावरच्या राईड्सचा. 'नायट्रो' ही मोठी रोलर कोस्टर घ्यायची असेल तर तेव्हाच. पुष्कळ राईड्सना उंचीची अट असते आणि ती दारातच मोजतात, त्यामुळे तुमचा धाकटा बऱ्याच ठिकाणी बाहेर राहणार. घरीच त्याची उंची मोजा, पार्कच्या यादीशी ताडून बघा आणि निघण्याआधीच त्याला सांगा. रांगेत उभं राहून शेवटी 'तू नाही' असं ऐकलेलं सहा वर्षांचं पोर पुढचा तासभर कुणाचं ऐकत नाही. आणि इथेच यजमानांच्या लक्षात आणून द्या की 'पाचही जण एकत्र' हे पार्कात तसंही जमत नाही. मुलगी एका रांगेत, मुलगा दुसरीकडे, आई बाकावर, तुम्ही मधे.

दुपारी 'सलीमगढ', 'मिस्टर इंडिया' अशा छताखालच्या राईड्स करा. आपण पुणेकर साडेपाचशे मीटरवर राहतो, आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात निदान कोरडेपणा असतो. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, कोकणच्या बाजूला. तिथला घाम अंगावरच राहतो आणि माणूस न चालताही दमतो. मुलं चिडचिडी होतात ती पुष्कळदा या उकाड्याने, आणि आपण त्यांना हट्टी म्हणतो. पाण्याबरोबर थोडं मीठ-साखर पोटात जाऊ द्या. पाय कुरकुरायला लागले की हॉटेल शेजारीच आहे. तिकीट काढतानाच विचारून घ्या की बाहेर पडून त्याच दिवशी परत येता येईल का. येत असेल तर दुपारी दोन तास खोलीवर जाऊन पडा आणि संध्याकाळच्या परेडसाठी परत या. दुपारच्या वामकुक्षीला मान देणाऱ्या गावातली माणसं तुम्ही, यात लाज कसली?

शनिवारी दुसऱ्यांदा थीम पार्क मला अजिबात पटत नाही. त्याऐवजी शनिवारी वॉटर पार्क, तोही फक्त तिघांसाठी: बाबा आणि दोन्ही मुलं. तिकिटं तीनच काढा. तुमची सकाळ तीच. गजर नाही, नाश्ता सावकाश, चहा आयता. यजमान एकटे दोघांना सांभाळू शकतील का, अशी धाकधूक तुम्हाला होईल. होऊ दे. नायलॉनचे पोहायचे कपडे पिशवीत घालून द्या, साध्या सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत आणि भाड्याने घेण्यात वेळ जातो. बाकी सूचना देऊ नका. धाकट्याचं नाक कसं पुसायचं हे बाबांना येतं, आणि येत नसेल तर त्या दिवशी येईल. ज्या वेळेसाठी तुमचे यजमान आसुसलेत, ती त्यांना अशी एकट्यानेच मिळेल. तुम्ही सोबत असलात की मुलं प्रत्येक गोष्टीला तुमच्याकडेच वळतात, आणि ते बिचारे पाकीट धरून उभे राहतात.

एक मात्र बजावून सांगते. त्या सकाळी खोलीत मोजे धुवायचे नाहीत. बॅगा लावायच्या नाहीत. बँकेचा ग्रुप उघडायचा नाही. आणि दर अर्ध्या तासाने 'जेवलात का?' असा मेसेज करायचा नाही. बाई एकटी बसली की हात आपोआप काम शोधतात, आणि संध्याकाळी कळतं की विश्रांती झालीच नाही. झोप येत नसेल तर नुसत्या खिडकीशी बसा. आईंना गप्पा हव्या असतील तर मारा, पण ती तुमची ड्यूटी नाही.

मुलांचं काय, याचीही काळजी करू नका. लहान मुलांना हॉटेल म्हणजे अर्धी सहलच असते, लिफ्टचं बटण दाबण्यापासून. संध्याकाळी हॉटेलच्या तलावात सगळे एकत्र उतरा. रात्री अंथरुणात धाकट्याला सांगा की 'राजासॉरस' राईडमधला डायनोसॉर नुसता कुणी रचलेला नाही. राजासॉरस नावाचा प्राणी खरोखर आपल्या देशात होऊन गेला. त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि त्याला हे नाव २००३ साली मिळालं. तो शंभर प्रश्न विचारील. दिवसभर एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळताना असे प्रश्न विचारायला मुलाला वेळच मिळत नाही, आणि उत्तर द्यायला आपल्याला.

रविवारी काहीच ठरवू नका. नाश्ता, तलाव, आणि दुपारच्या आत गाडी घाटाला लावा.

बोलायचं कसं? आज-उद्याच बोला, तिकिटांच्या आधी, आणि मुलं झोपल्यावर. शब्द साधे ठेवा: "मला शनिवारची सकाळ हॉटेलात एकटीने हवी आहे. मी दमलेय. शुक्रवारी मी पूर्ण दिवस तुमच्याबरोबर आहे. शनिवारी तू मुलांना घेऊन वॉटर पार्कला जा, तुमची तिघांची मजा." इथे थांबा. पुढे कारणांची रांग लावलीत की एकेक कारण खोडता येतं. 'मी दमलेय' हे कुणाला खोडता येत नाही. ते "घरीच लोळ की" म्हणाले, तर शांतपणे सांगा की घरी तुम्ही आडव्या झालात तरी पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, साखर कुठे आहे. तरी नाही पटलं, तर भांडू नका, पण स्वतःचं वॉटर पार्कचं तिकीट मात्र काढू देऊ नका. तिकीट निघालं की तुम्ही जाणारच, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि मुलीला खरं सांगा. बारा वर्षांची आहे, तिला कळतं. 'आजीचे पाय दुखतात म्हणून आई थांबली' हे ऐकून ती मोठी झाली, तर स्वतः दमेल तेव्हा तीही कुणाचे तरी गुडघे शोधत बसेल. 'आईला आज आराम करायचाय' एवढं वाक्य तिच्या कानावर पडू दे.

राहता राहिला सोमवार. ओल्या कपड्यांची पिशवी घरी पोचल्या पोचल्या मशीनला लावायचं काम यजमानांचं, हे निघण्याआधीच ठरवून घ्या. आणि सोमवारच्या डब्यासाठी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात गुरुवारीच सांगून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्याकडेही गर्दी असते.

तुमची,
ताई