'हाय' म्हणजे 'समजले' नव्हे

प्रश्न : जपानी भाषेची एन-३ परीक्षा उत्तीर्ण होऊन मी आठ महिन्यांपूर्वी जपानमधील एका कारखान्यात रुजू झालो. वरिष्ठ सूचना देत असताना मी 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो', म्हणत राहतो. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सातची गाडी दुपारी एकची समजून मी सगळा माल सहा तास आधीच बाहेर काढून ठेवला. न समजलेले पुन्हा कसे विचारावे, आणि माझ्या भाषेतील चुका दाखवण्याची विनंती कशी करावी? – एक पुणेकर वाचक

उत्तर : 'इचिजि' म्हणजे एक आणि 'शिचिजि' म्हणजे सात, यांत जपानी माणसांचीही गफलत होते, म्हणूनच जिथे घोटाळा परवडणारा नसतो तिथे ते सातला आवर्जून 'नानाजि' म्हणतात. तुम्ही तिथल्या तिथे 'नानाजि देसु ने?', म्हणजे 'सात वाजता ना?', एवढे विचारले असते, तरी माल जागेवर राहिला असता.

बोलणे चालू असताना येणारा 'हाय' हा बहुधा आपल्या 'हं, हं'सारखा हुंकार असतो. 'मी ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे 'हाय' म्हणून झाल्यावर पुन्हा विचारण्यात काहीही गैर नाही. मात्र नुसते 'वाकारिमासेन', म्हणजे 'समजत नाही', म्हटले की समोरच्याला सगळेच पहिल्यापासून सांगावे लागते. त्याऐवजी कुठे अडले ते दाखवावे : 'सुमिमासेन, जिकान गा किकितोरेनाकात्ता न देसु गा…', म्हणजे 'माफ करा, वेळ नीट ऐकू आली नाही, तेव्हा…'. हे वाक्य मुद्दाम अर्धेच सोडायचे असते. आपणही वडीलधाऱ्यांपुढे असेच करतो, आणि उरलेली विनंती ते ओळखून घेतात. सूचना लांबलचक असेल तर आपल्याला समजलेले स्वतःच्या शब्दांत सांगून शेवटी 'तो इउ कोतो दे योरोशिई देश्योउ का', म्हणजे 'असेच ना?', हे जोडावे. माझ्या मते कामाच्या ठिकाणी याहून उपयोगी वाक्य नाही.

चुकांविषयी विचारताना 'माझे जपानी कसे आहे?' असे विचारू नये. उत्तर 'ओज्योउझु देसु ने', 'छान बोलता हो', असेच येईल. ते सौजन्य आहे, परीक्षण नव्हे. त्याऐवजी तुम्ही लिहिलेला एखादा ईमेल सहकाऱ्यापुढे ठेवा आणि म्हणा, 'फुशिझेन ना तोकोरो गा आत्तारा, ओशिएते इतादाकेमासेन का', म्हणजे 'कुठे अस्वाभाविक वाटत असेल तर सांगाल का?'. चुकीऐवजी अस्वाभाविकपणाविषयी विचारल्यामुळे त्यांचा संकोच कमी होतो. सुधारलेले वाक्य दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरच वापरा. पुढची दुरुस्ती ते आपणहून सांगू लागतील.