घाटमाथ्यावरच्या व्हिडिओसाठी पहिला ड्रोन कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा की पहिलाच ड्रोन घ्यायचाय, छंद म्हणून उडवायचा आणि सह्याद्रीतली दृश्यं टिपायची, तर ऑनलाइन दिसणारे स्वस्त 'फोर-के' ड्रोन चालतील का?

नाही चालणार. त्यांत बहुतेकदा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणारी मोटरची जोडणी, नसतो. कॅमेरा ड्रोनच्या अंगालाच जोडलेला असल्याने वाऱ्याने ड्रोन कलला की क्षितिजही कलतं, आणि मोटरची थरथर चित्रात उतरून सगळं लहरत राहतं. हे एडिटिंगमध्ये सुटत नाही. म्हणून थ्री-ॲक्सिस (तिन्ही दिशांनी सावरणारा) गिंबल ही पहिली अट, जीपीएस दुसरी. 'के' किती, ते त्यानंतर बघा.

परदेशातून कुणाकडून मागवायचा विचार असेल तर तो सोडा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, कस्टम्सला माल अडकतो. माझ्या मते त्याआधीच्या बिलासह मिळणारा डीजेआय कंपनीचा सेकंड-हँड मिनी २ सुरुवातीला उत्तम. वजन २४९ ग्रॅम, म्हणजे सरकारी नियमांतला सर्वात हलका, नॅनो वर्ग. छंदासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. डीजेआयच्याच एअर २एस चा एक इंची सेन्सर पहाटेच्या कमी उजेडात स्पष्टपणे सरस ठरतो, पण ५९५ ग्रॅममुळे तो मायक्रो वर्गात जातो आणि पाठीवरही जाणवतो.

जुना घेताना विक्रेत्यासमोरच चालू करा. गिंबल अडखळत नाही ना, हे सुरू होतानाच कळतं. बॅटरी फुगलेली नको. ती किती वेळा चार्ज झालीय (सायकल) ते ॲपमध्ये बघा. ड्रोन जुन्या मालकाच्या खात्यातून अनबाइंड करून (तोडून) घ्या आणि यूआयएन, म्हणजे ड्रोनचा सरकारी नोंदणी क्रमांक, असेल तर तोही आपल्या नावावर करून घ्या. अँड्रॉइडवर डीजेआय फ्लाय ॲप प्ले स्टोअरवर नाही, कंपनीच्या साइटवरून उतरवावं लागतं.

आता खरा मुद्दा वाऱ्याचा. मिनी २ नॉर्मल मोडमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त १० मीटर जातो. वारा पाठीशी घेऊन एक किलोमीटर गेलात आणि परतताना समोरून ८ मीटरचा वारा असेल, तर उरतात २ मीटर, म्हणजे परतीलाच आठ मिनिटांहून जास्त. अशा वेळी स्पोर्ट मोड (१६ मीटर) लावा आणि जागा मोकळी असेल तर ड्रोन कमी उंचीवर आणा, तिथे वारा सहसा कमी असतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तोच वारा मदतीला येईल. कड्याच्या आडोशाच्या बाजूला हवा भोवऱ्यासारखी खाली दाबते, तिथे भिंतीजवळ जाऊ नका. कागदावर ३१ मिनिटं असली तरी घाटात १८-२० मिनिटांहून जास्त वेळावर भिस्त ठेवू नका.

रिटर्न-टू-होमची (ड्रोन आपोआप परत येण्याची) उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. मधली डोंगराची सोंड ८० मीटर उंच असेल तर ११० ठेवा. मिनी २ ला समोरचे सेन्सर नाहीत, तो सरळ धडकतो. गाडीच्या टपावरून किंवा लोखंडी कठड्याजवळून उडवू नका, कंपास बिघडतो.

व्हिडिओसाठी सेकंदाला ३० फ्रेम, शटर १/६० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००. लेन्सचं छिद्र कायम एफ/२.८ एवढं उघडं असल्याने भर उन्हात एनडी ६४ (प्रकाश कमी करणारा फिल्टर) लागतो, सकाळी एनडी ८ किंवा १६ पुरतो. व्हाइट बॅलन्स ऑटो ठेवलात तर शॉट चालू असतानाच आकाशाचा रंग बदलतो, तो हाताने पक्का करा. मेमरी कार्ड व्ही३० वेगाचं घ्या.

प्रत्येक जागा आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर तपासा. ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या हिरव्या भागात) १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र मर्यादा ६० मीटर आहे. रायगड, लोहगडासारख्या पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित किल्ल्यांवर नकाशा हिरवा दिसला तरी त्यांच्या परवानगीशिवाय ड्रोन काढू नका.