भंडारदऱ्याला स्वतःचा टेंट लावून राहायचंय, सोबत ७ वर्षांचा मुलगा आहे. कुठे आणि कधी जावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की टेंट नवीन घेतलाय, तिघंच जण आहात, मुंबईहून गाडीने जाणार आणि टेंट तलावाच्या काठावर लावायचा की रतनगडावर हे ठरत नाहीये. माझं सरळ मत, दोन्हीकडे नको. रतनवाडी, साम्रद, उडदावणे, घाटघर यातल्या कुठल्याही गावात एखाद्या घरी विचारा आणि त्यांच्या अंगणात किंवा घरामागच्या भात कापून झालेल्या खाचरात टेंट लावा. मी त्या भागात बरीच वर्षं जातोय आणि लहान मूल सोबत असेल त्या प्रत्येकाला हेच सांगतो, कारण जागा नीट मिळाली की पाणी, संडास, जेवण आणि रात्री काही झालंच तर हाक मारायला माणूस, हे सगळं आपोआप जमून जातं.

काठाची जागा फोटोत भारी दिसते हे खरंय. पण तिथे बहुतेक ठिकाणी उतार असतो, त्यामुळे झोपेत सगळे सरकत सरकत खालच्या बाजूला जमा होतात, आणि रात्री थंड हवा डोंगरावरून उतरून खोलगट भागात साचते म्हणून गावापेक्षा काठावर गारठा आणि दव दोन्ही जास्त. शनिवारी स्पीकर लावलेले कॅम्पही काठालाच असतात, तिथे झोप विसरा. आणि मुख्य म्हणजे ते धरणाचं पाणी आहे, कडेला उथळ वाटलं तरी पुढे एकदम खोल होतं, मूल सोबत असताना रात्रभर ती काळजी कशाला. रतनगडाला वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या आहेत, पाठीवर टेंट, पाणी, अंथरूण घेऊन आणि पोराचा हात धरून ते करू नका. शिवाय हा सगळा पट्टा कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून, म्हणजे जंगलात कुठेही मनाला येईल तिथे टेंट ठोकता येत नाही. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशाची पावती फाडता तेव्हाच मुक्काम कुठे करणार ते सांगा आणि काय चालतं काय नाही ते विचारून घ्या.

कधी जायचं तर भातकापणी उरकल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. खाचर सपाट असतं, जमीन सुकलेली असते, फक्त भाताचे खुंट बुडाला टोचतात म्हणून खाली जाड ताडपत्री टाका किंवा घरच्यांना विचारून थोडा पेंढा पसरा. पेंढ्याचा दुसरा फायदा असा की थंडी खालून येते, वरून नाही, लोक तीन तीन ब्लँकेटं पांघरतात आणि खाली नुसती चादर, मग पहाटे ३ ला कुडकुडत गाडीत जाऊन बसतात. खाली फोमची मॅट पाहिजेच, पोराला दोन द्या, कानटोपी आणि कोरडे मोजे फक्त झोपायला म्हणून वेगळे ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान एक आकडी होतं कधीकधी.

टेंट घरी एकदा पूर्ण लावून बघा, गच्चीवर, आणि बाहेरचं कव्हर आतल्या कापडाला चिकटत नाही ना ते तपासा. थंडी वाजते म्हणून लोक सगळ्या खिडक्या घट्ट बंद करतात, मग तिघांच्या श्वासाची वाफ आत जमून सकाळी पांघरूण ओलं लागतं आणि वाटतं टेंट गळतोय. वरची जाळी थोडी उघडी ठेवायची. दुसरं म्हणजे आपल्या सह्याद्रीत मातीचा थर पातळ, खाली कातळ, टेंटच्या खुंट्या दोन इंच जाऊन अडतात, तेव्हा जास्तीची दोरी न्या आणि मोठ्या दगडांना बांधा. दार वाऱ्याच्या दिशेला नको, आणि घरातल्या आजोबांना विचारा वारा कुठून येतो, त्यांना बरोबर माहीत असतं.

साप-विंचवाची भीती तुम्ही लिहिलीये, ती रास्तच आहे, मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांपर्यंत येते. पण उपाय साधा आहे, आतली चेन सतत बंद, अगदी पाणी प्यायला बाहेर आलात तरी, बूट आत घ्यायचे आणि घालताना झटकायचे, खाण्याचं सामान गाडीत. बिबट्याही आहे त्या जंगलात, म्हणूनही मी घराजवळ म्हणतोय. रात्री लघवीला पोराला एकटं सोडू नका. काही लागलंच तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे आणि १०८, फक्त नेटवर्क सगळीकडे लागत नाही, कुठे लागतं ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

जेवण घरीच सांगा. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, चुलीवरचं. आणि भात पोटभर खा, अकोले तालुक्यात अजून जुने गावठी वाण टिकून आहेत (बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, २०२० सालच्या पद्मश्री), तो वास शहरातल्या तांदळाला नाही. पैसे किती ते आधीच विचारा, जागेचे वेगळे द्या, घासाघीस करू नका प्लीज. शेकोटी हवी तर त्यांच्या चुलीपाशी बसा, खाचरात पेंढा असतो आणि गवत सुकलेलं, एक ठिणगी पुरते. १५ फेब्रुवारीनंतर तर वणव्याचा हंगाम धरतात, तेव्हा बाहेर आग अजिबातच नको.

काजवे बघायला मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लोक जातात, तेव्हा टेंट नको, वळवाचा पाऊस अर्ध्या तासात खाचर भरतो आणि विजाही पडतात. तेव्हा घरातच मुक्काम करा, आणि झाडांवर टॉर्च मारू नका, काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना शोधणं आहे, आपल्या उजेडाने ते बिघडतं. खूप जीव लागतो हो ते बघताना.

दिवसा रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आणि पुष्करणी दाखवा पोराला, साम्रदजवळच्या सांदण दरीत सुरुवातीच्या पाण्यापर्यंतच जा, पुढे दगडांवरून चढउतार आहे. तारीख अमावस्येच्या जवळची धरा, जेवण झालं की सगळे दिवे बंद करून त्याला कृत्तिका आणि मृग दाखवा, मुंबईत त्याने एवढे तारे पाहिलेच नसणार.

घोटीला पेट्रोल आणि रोख रक्कम घेऊन ठेवा, पुढे भरवसा नाही. थंडीत ६ च्या आसपास अंधार पडतो आणि पहिल्यांदा टेंट लावायला तासभर जातो, तेव्हा मुंबईतून सकाळी लवकर निघा आणि ४ च्या आत गावात पोचा.