‘आजन्म उतराई राहीन’ म्हणावं का?

निवृत्तीच्या निरोपसमारंभासाठी भाषण लिहिणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: “ज्यांनी मला जगण्याचे धडे शिकवले, त्या सर्वांची मी आजन्म उतराई राहीन, असं मी लिहिलं. सहकारी म्हणतात, ‘उतराई’ चुकलं. खरं का?”

हो, सहकाऱ्यांचं बरोबर आहे. उतराई म्हणजे उपकारातून मोकळा झालेला. म्हणून हा शब्द ‘होणे’बरोबर येतो, ‘राहणे’ त्याला मानवत नाही. बाईंच्या वाक्याचा सरळ अर्थ लावला तर ‘सगळ्यांचं देणं चुकतं केलंय, आता जन्मभर मोकळी’ असा होतो. निरोपसमारंभात हे जरा जास्तच मोकळं वाटेल!

ही गल्लत बरेच जण करतात आणि तिचं कारण मला तरी असं दिसतं: हा शब्द आपल्या कानावर पडतो तो बहुधा नकारात किंवा प्रश्नात. ‘कसा उतराई होऊ?’, ‘उतराई होणं शक्यच नाही.’ वाक्यातला कृतज्ञतेचा सूर लक्षात राहतो, ‘नाही’ गळून पडतं आणि उतराई म्हणजेच ऋणी असं वाटू लागतं.

तुकोबांचा ‘काय सांगों आतां संतांचे उपकार’ हा अभंग पाहा. त्यातही हा शब्द प्रश्नातच येतो: ‘काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा’. मोकळं व्हायला द्यावं तरी काय, जीव पायांवर ठेवला तरी तो कमीच. बाईंच्या भाषणाला तर पुढची ओळ अधिक लागू आहे: ‘सहज बोलणें हितउपदेश । करूनि सायास शिकविती’. बोलता बोलता हिताचं सांगून जातात आणि वर कष्ट घेऊन शिकवतात. फळा-खडूशिवाय शिकवणाऱ्या माणसांचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. (जाता जाता: हिंदीत ‘उतराई’ म्हणजे नावाड्याला द्यायचे पैसे. तुलसीदासांचा केवट, म्हणजे नावाडी, रामाला ‘न नाथ उतराई चहौं’ (नाथ, मला उतराई नको) म्हणतो, तो या अर्थानं. मराठी अर्थ तिथे लावायला जाऊ नये.)

मग उरतो ‘ऋणी’, आणि बाईंना हवा होता तो हाच शब्द. शिकवणाऱ्यांच्या बाबतीत तो फार जुना आहे. ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं, ही कल्पना यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत आहे. देवांचं ऋण यज्ञानं फिटतं, पितरांचं संततीनं, ऋषींचं मात्र ब्रह्मचर्यानं, म्हणजे विद्यार्थी होऊन शिकल्यानं. शिकवणाऱ्याला वस्तू परत करायची नाही, नीट शिकायचं, फेड तीच. ‘पांग फेडणे’ हा वाक्प्रचारही इथे सुचेल, पण तो आईबापांशी इतका जोडला गेलाय की कचेरीतल्या ज्येष्ठांना लावला तर अवघडल्यासारखं होतं. ‘आभारी’ चूक नाही, फक्त चहा पाजणाऱ्याचेही आपण आभार मानतो, त्यामुळे ‘आजन्म’शेजारी तो हलका पडतो.

न विचारलेली एक गोष्टही सांगतो. ‘धडे शिकवले’ जपून वापरा. अनेकवचनात निभावून जातं, पण ‘साहेबांनी मला धडा शिकवला’ म्हटलं की ऐकणाऱ्याला साहेबांनी अद्दल घडवल्याचंच चित्र दिसतं. ‘धडे दिले’, ‘धडे घेतले’ किंवा नुसतं ‘जगायला शिकवलं’ यात तो धोका नाही. मला शेवटचं सगळ्यात आवडतं.

तेव्हा वाक्य असं करा: ‘ज्यांनी मला जगायला शिकवलं, त्या सर्वांची मी आजन्म ऋणी राहीन.’ ‘उतराई’चा मोह सुटत नसेल तर ‘त्यांच्या उपकारांतून मी कधीच उतराई होऊ शकणार नाही’ असं म्हणा. ते ‘नाही’ तेवढं विसरू नका. आणि पुढे ‘त्यांच्याप्रती कृतज्ञता’ लिहिणार असाल तर ‘त्यांच्याविषयी’ लिहा. ‘प्रती’ आता सर्रास छापलं जातं, पण ते हिंदीतल्या ‘के प्रति’च्या वळणाचं आहे आणि ‘विषयी’, ‘बद्दल’ घरात असताना त्याची गरज नाही.