आमची शाळा खाली आली म्हणतात, खरं समजावं का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावचा, यंदा शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष केलं मले. जिल्हा परिषदेची शाळा हाय, पहिली ते पाचवी, पट ४३, शिक्षक दोन. गावातले १५ पोट्टे, तांड्यावरचे १७ आन् कोलाम आदिवासींच्या पोडावरचे (वस्तीवरचे) ११. आमच्या केंद्रात ९ शाळा, डिसेंबरात वाचनाची टक्केवारी निघाली त आमचा तिसरीचा वर्ग सगळ्यात खाली, ६७ टक्के. हेच पोट्टे मागच्या साली दुसरीत होते तवा ७५ होते. तवा ८ होते, त्यातले दोघं उन्हाळ्यात दाखला काढून तालुक्याच्या कॉन्व्हेंटात गेले, आता आणखी पाच-सहा घरं तेच म्हणून रायले, ऑटो दारात येते ना. गावात बोलतात का मास्तर शिकवत नाही. मले त दोघंही राबतानी दिसतात. माझी पोरगी चौथीत हाय, घरचे म्हणतात काढा तिले. काय खरं समजावं?

उत्तर : भाऊ, आधी टक्के बाजूला ठेवा आणि पोरं मोजा. ८ मधले ७५ टक्के म्हणजे ६ जण वाचत होते. दोघं गेले, उरले ६, त्यातले ६७ टक्के म्हणजे ४ वाचतात. हजेरी घेऊन नावानिशी ताडून बघा, पण मला तरी असंच दिसतंय की गेलेले दोघंही वाचणारे होते, मागं राहिलेल्यांपैकी कोणीच वाचन विसरलेलं नाही. टक्का खाली आला, पोरगं एकही खाली आलेलं नाही. आता आणखी पाच-सहा घरांनी दाखले काढले आणि ती वाचणाऱ्या पोरांचीच घरं असली तर पुढच्या साली टक्का आणखी पडेल, मास्तरांनी कितीही जीव काढला तरी.

आणि ६ पोरांच्या वर्गात एक पोरगं म्हणजे जवळजवळ १७ टक्के. त्या दिवशी एकाला ताप असला की शाळा खाली. असे लहान लहान वर्ग एकाखाली एक लिहून पहिला-शेवटचा नंबर काढणं मला बिलकुल पटत नाही, मी स्वतः झेडपीत बरीच वर्षं काढली आणि असे तक्ते मीही भरले, म्हणून सांगते.

पण भाऊ, माझी काळजी वेगळीच आहे. जे दोघं मागच्या साली वाचत नव्हते ते अजूनही वाचत नाहीत, अख्खं वर्ष गेलं. ते दोघं कोण? पोडावरचे आहेत का, तांड्यावरचे आहेत का, हजेरी किती दिवसांची आहे? गावात बोंब व्हायला पाहिजे ती ह्या दोघांसाठी.

तांड्यावर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, पोडावर कोलामी, पहिलीतल्या लेकरासाठी मराठी पुस्तक म्हणजे परकी भाषाच. माझ्या वर्गात तांड्यावरची एक पोरगी दिवाळीपर्यंत तोंड उघडत नव्हती, आम्ही तिला मंद समजून बसलो होतो, मग चौथीतली तिची चुलतबहीण शेजारी बसवली, ती गोरमाटीत सांगायची, आणि होळीपर्यंत पोरगी पाटीवर वाक्य लिहायला लागली. मला आजही त्याचं वाईट वाटतं की हे जुलैतच सुचायला पाहिजे होतं. तुमच्याकडं पाचवीतली अशी मोठी पोरं आहेत, सरांशी बोला.

दुसरं म्हणजे कापूस. यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीला, पट मोजायची तारीख ३० सप्टेंबर, तेव्हा सगळे हजर. मग वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली की वेचणी सुरू, मायबाप वावरात आणि मोठी पोरगी घरी लहान भावाला सांभाळत. डिसेंबरची हजेरी काढा, कागदावरचे ४३ आणि बाकावरचे किती ते दिसेल.

शिक्षकांचं म्हणाल तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, तिसरा ६१ झाल्यावर. ४३ ला दोन म्हणजे माणशी एकवीस-बावीस पोरं, कागदावर शहरातल्या शाळेपेक्षा भारी. पण वर्ग पाच आहेत ना, एका खोलीत एका मास्तरला दोन-तीन वर्ग एकाच वेळी, आणि एक जण ट्रेनिंगला नाहीतर मतदार यादीच्या कामाला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. तुम्हाला ते राबताना दिसतात ते खरंच आहे.

यू-डायस प्लसवर शाळेचा ११ आकडी कोड टाकला की पट, शिक्षक, खोल्या, संडास सगळं दिसतं, पण पोरगं वाचतं का ते तिथं नाही. पोरांना वाचन-गणित किती येतं ते बघणारा असरचा सर्व्हे घरोघरी जाऊन होतो, पण तो जिल्ह्याचा अंदाज सांगतो, तुमच्या शाळेचा नाही. म्हणून समितीच्या पुढच्या बैठकीत दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा घ्या, एकेका पोराला प्रेमानं जवळ बसवून वाचायला लावा आणि वहीत नावापुढं लिहा, आला तेव्हा काय येत होतं, आता काय येतं. चार महिन्यांनी परत तेच. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत असा कायदाच आहे, तर पोडावरची आणि तांड्यावरची एकेक माय त्या बैठकीला हजर पाहिजेच.

पोरीचं विचारलंत. आज रात्री तिला चौथीचा कोणताही धडा वाचायला सांगा, एक भागाकार द्या. जमलं तर तिला हलवायचं कारण मला दिसत नाही. आणि कॉन्व्हेंटात गेलेल्या त्या दोघांना रविवारी घरी बोलवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही वाचायला लावा, मग घरच्यांसोबत बसून ठरवा.

प्रश्न : पट घसरला तर शाळा बंद करून मोठ्या गावात जोडतील का? आमच्या गावात सगळे भेलेत. (एक माय, वाशीम जिल्हा)

उत्तर : भीती उगाच नाही, २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा जोडून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते. पण आरटीईनं पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत पाहिजे. तसा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत ठराव घ्या, मधला नाला पावसाळ्यात किती दिवस बंद असतो ते तारखांसकट लिहा आणि पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देऊन पोच घ्या.